जुन्या स्लॉटातलं कार्ड

खोडरबराचा वास आला की मला उमेळ्याची आमची पडवी आठवते. गावच्या वाचनालयातला जुना कॉम्प्युटर मी तिथे उघडून ठेवला होता आणि त्याच्या ग्राफिक्स कार्डाची काळवंडलेली कड रबराने घासत होते. कार्ड ठणठणीत होतं, तरी पडदा काळाच. भंगारात द्या, असं वाचनालयातले सगळेच म्हणत होते. पण ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, कुणालाही वाचता-बदलता येईल असा खुला होता, म्हणून मी हट्टाने तो वाचायला बसले. कार्ड नव्या धाटणीच्या स्लॉटातच खोचलेलं असणार, असं त्यात गृहीत धरलं होतं आणि आमचं तर जुन्या स्लॉटात होतं. मी थोड्या ओळी बदलल्या आणि पडद्यावर रंग उमटले. ती दुरुस्ती ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना पाठवली, त्यांनी ती घेतलीही. काही महिन्यांनी परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाचा मेल आला, तुमच्यामुळे माझं जुनं मशीन सुरू झालं. बाबा वाडीतून केळीचा घड घेऊन येत होते, त्यांना मी तो वाचून दाखवला. "ओळख ना पाळख, तरी कळवलं त्याने?" त्यांनी घड खाली ठेवला. "मग झालं तर. आपण केळीच्या बुडाचा मुनवा काढून कुणाला लावायला देतो तेव्हा दुसरं काय मागतो? लागला की सांग, एवढंच." संध्याकाळपर्यंत आळीत प्रत्येकाला ते सांगून आले, पोरीचा मुनवा परदेशात लागला. आता वाडीच्या जागी इमारत आहे. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली की मी आधी माझ्या ओळी शोधते. अजून आहेत, मूळ धरून.