एका मागावरचे टॉवेल

टॉवेलचा धंदा मी डोक्यावर गठ्ठा घेऊन सुरू केला. जुळे सोलापुरात फ्लॅटचे जिने चढायचे. बायका दारातच निम्म्या भावानं मागायच्या, मी गठ्ठा बांधायला घ्यायची आणि जिना उतरायला लागले की त्या परत हाक मारायच्या. त्यातूनच नवी पेठेत दुकान झालं. ते मला कुणी दिलं नाही, मी भांडून मिळवलं.

आमचे हे माझ्या अगदी उलट. यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. मागांच्या खडखडाटात अख्खी पाळी उभ्यानं काढायची. तिथं बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं, म्हणून की काय, घरी ते फारसं बोलतच नसत. डोकं धरून बसले की मी ओळखायची.

कारखान्याच्या दारात चहाची टपरी आहे. खारी-बटरच्या बरण्यांशेजारी तिथं गोळ्यांचीही बरणी असते. पाळीवर जाताना माणसं चहा घेतात, चहाबरोबर अंगदुखीची गोळी. तिथं कुणी नुसता चहा मागत नाही, ‘चहा-गोळी’ म्हणतात. हेही तेच घ्यायचे. शिवाय डोकेदुखीची गोळी मी दुकानातून येताना आणायची. मागाच्या धुरळ्यानं सर्दी कायमचीच, तिची आणखी वेगळी. मेडिकलवाला पाकिटं काउंटरवर सरकवत म्हणायचा, “साध्याच हायत की वहिनी, चिठ्ठी कशाला लागतीय?”

वर्षानुवर्षं असंच चाललं. मग एके दिवशी त्यांनी भात कालवला आणि ताट बाजूला सारलं. म्हणाले, “वास नको वाटतोय.” मी चिडले. सकाळपासून दुकानात घसा कोरडा करून मी स्वयंपाक केला होता. दोन-चार दिवसांनी दारात उन्हाला उभे होते, तेव्हा डोळे पिवळे दिसले.

नणंद आली. “कावीळ हाय, उतरवून घेऊ,” म्हणाली. जाताना दारात शेजारणीला हळूच म्हणाली, “पीत असणार गुपचूप. लिव्हर उगाच जातंय व्हय?” मला ऐकू आलं. मी तिला दारातच फाडून खाल्लं. थेंबाला न शिवलेला माणूस तो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनीही आधी दारूच विचारली. मग गोळ्यांबद्दल विचारलं. “साध्या घेतात, दुखण्याच्या,” मी म्हणाले. त्यांनी घरातली पाकिटं मागवली, टपरीवरचीही. कॉटवर सगळी उलटी मांडली आणि मागची बारीक अक्षरं मला दाखवली.

“नावं वेगळी आहेत मावशी, आतलं औषध एकच आहे. यांच्या पोटात तेच रोज तीन-तीन वाटांनी जात होतं. लिव्हरला एवढं झेपत नाही.”

मी त्या पाकिटांकडं बघत राहिले. एका मागावरचा टॉवेल माझ्या दुकानात तीन लेबलांनी विकला जातो. एक साधा, एक आहेराचा, एक एक्स्पोर्टचा. गिऱ्हाईक लेबलाला भाव देतं. दुसऱ्याच्या दुकानातली ही लेबलाची चलाखी मी लांबूनही ओळखते. आणि माझ्या घरातल्या फडताळात ही पाकिटं एकमेकांना चिकटून पडलेली असायची.

“डॉक्टर, काहीतरी कमी करा की,” मी म्हणाले. काय कमी करून हवं होतं, ते माझं मलाच कळलं नाही.

“आमच्या हातात आहे ते सगळं करतोय,” त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाला परत लावायचं असलं की मीही याच आवाजात बोलते.

यांचं पोट फुगलं, बोलणं अडखळायला लागलं. एका दुपारी मात्र नीट शुद्धीवर होते.

“दुकान कोण बघतंय?”

“खड्ड्यात जाऊ दे दुकान.”

ते हसले. मग हळूच म्हणाले, “डोकं लई धरलंय गं. एक गोळी दे की.”

लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी नाही म्हणाले. शेजारच्या कॉटवरची माणसं बघायला लागली, इतक्या मोठ्यानं म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर नीट बोलणं झालंच नाही.

दिवसकार्याला माणसं जमली, तेव्हाही कोपऱ्यात दारूचीच कुजबुज होती. तेरावं झाल्यावर मी टपरीवर गेले. ती बरणी फोडायचीच, असं ठरवून गेले होते. टपरीवाल्यानं गाळणं खाली ठेवलं.

“फोडा वहिनी. पण मी गोळी ठेवली न्हाय, तर ही माणसं पुढच्या टपरीवर जातील. चहा बी तितंच पितील.”

धंद्यातलं बोलत होता. मी तशीच परत आले.

आता मी लेबलं लावत नाही. परवा एक बाई आहेराचे टॉवेल घ्यायला आल्या. घड्या मोडून पाहिल्या. “यातला भारी कुठला?”

“सगळे एकाच मागावरचे आहेत,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं आणि समोरच्या दुकानात गेल्या. तिथं लेबलं आहेत.

मी घड्या घालत बसले. खरं सांगितलं की गिऱ्हाईक जातं, हे टपरीवाल्याला ठाऊक होतं, मेडिकलवाल्यालाही. मला तर ठाऊक आहेच. तरी त्या दोघांतल्या एकानं तरी खरं सांगून आमच्यासारखं गिऱ्हाईक घालवायला हवं होतं.