थांबा सरांचं तिसरं पद

आमच्या गणिताच्या सरांनी मला अख्खा तास उभं केलं होतं, तेही ज्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं त्या प्रश्नासाठी. तो राग अजून गेलेला नाही.

फळ्यावर त्यांनी तीन आणि सहा लिहिले. "पुढं?" मी ओरडलो, "नऊ!" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बारा." सर म्हणाले, "दोघंबी चूक."

"मग बरोबर काय?" मी भांडायलाच उठलो.

"थांबा! तीन मिळवत गेलं तर नऊ, ती अंकगणिती श्रेढी. दुपटीनं गेलं तर बारा, ती भूमिती श्रेढी. तिसरं पद मी लिहिलंच न्हाई आन् तुमी बोललात." ती मुलगी चूक कबूल करून बसली. मी हुज्जत घातली, म्हणून उभा.

'थांबा' हा शब्द त्यांच्या तोंडी इतका होता, की अख्खं गंगाखेड त्यांना थांबा सरच म्हणायचं. पहिल्या घोटावर ते चहालाही चांगला म्हणत नसत. लेकीच्या सोयरिकीत तर दोन बैठका होऊनही होकार देईनात. पाव्हणे चिडून निघायच्या बेतात होते.

माझी रीत याच्या उलटी. समोरच्यानं दुसऱ्यांदा तोंड उघडलं की तो कुठं थांबणार हे मला कळतं. शाळा सुटल्यावर कुणाच्या आधाराशिवाय उसाच्या रोपांची नर्सरी उभी केली, ती याच जोरावर.

निवृत्त झाल्यावर सर आपल्या एकरभर रानासाठी रोपं बघायला आले, नेमका तेव्हाच शेडमधल्या रोपांना मर रोग लागला होता. आदल्या दिवशी पाच ट्रे पिवळे, त्या दिवशी दहा. रोगट रोप एका जरी शेतात गेलं असतं, तर तालुक्यात कुणी मला दारात उभं केलं नसतं.

"रोज पाच वाढायलेत," मी म्हणालो. "पिवळे काढत राहतो. आठवड्यात सगळा माल विकून जातोय."

"थांब. उद्या मोज."

"सर, ही शाळा न्हाई!"

"म्हणूनच म्हणतोय. शाळेत चुकलास तर नुसता उभा राहिलास."

दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीनं ते हजर. मोजले. वीस.

"पंधरा असते तर तुझं खरं होतं. ही दुपटीनं चाललीय. पिवळ्याशेजारचे हिरवेबी काढ, आत्ता."

"चांगली रोपं फेकू? तुमचं काय जातंय?" मी नको नको ते बोललो. सरांनी चपला काढल्या, ओल्या शेडमध्ये शिरून एक हिरवं रोप उपटून माझ्यापुढं धरलं. मुळं तपकिरी, कुजलेली. दिवस मावळेपर्यंत अर्ध्या शेडची रोपं खड्ड्यात जाळली. उरलेली वाचली.

आणि एवढं करून या माणसानं रोपं घेतली परभणीहून! "एका हंगामावर सांगता येत न्हाई," म्हणाले. मी महिनाभर बोललो नाही.

पुढच्या हंगामात त्यांच्या एकराची रोपं मी बाजूला राखली. ती न्यायला सर राहिले नाहीत. शेवटी मीच ट्रे टेम्पोत घालून त्यांच्या रानात गेलो. सरांच्या मुलानं वरचं एक रोप उचललं आणि म्हणाला, "चांगलंय की, दादा. उतरवा."

"एकावरून काय कळतंय तुला?" मी खेकसलो. "बाकीची बघ."