अक्काने गल्लीला दिलेला बोअर

फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत होते. पलीकडून निलंग्याच्या घराशेजारच्या कमलबाई बोलत होत्या. "अक्का गेली... चहा घेतला अन् बसल्या बसल्या गेली." अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, महानंदा. आम्ही निलंग्याला पोचलो तोवर दुपार कलली होती. आमच्यात माती देतात. खड्ड्याकडे बघत माझ्या सासूबाईंनी, अव्वांनी, हळूच विचारलं, "खाली उकडत नसंल न्हवं गं तिला?" मी म्हणाले, "न्हाई अव्वा. वर कितीबी ऊन असू द्या, खोल जमिनीत बारा महिने सारखंच असतंय. अक्काच सांगायची की."

जमिनीखालची उष्णता हेच तिचं रोजचं काम होतं. लातूरला शिकून इंजिनिअर झालेली अक्का बरीच वर्षं परदेशात, थंड मुलखात राहिली. तिथं जमिनीखालची ऊब ओढून इमारती गरम ठेवणारे पंप ती बसवायची. मामंजी गेल्यावर अव्वा एकट्या पडल्या म्हणून ती सगळं आवरून निलंग्याला आली. आल्या आल्याच तिला कडक उन्हाळा बघावा लागला. गल्लीत टँकर येत होता आणि कूलर घागरीच्या घागरी पीत होता. पिण्याचं पाणी वाचवायला अव्वांनी एक दिवस कोणाला न सांगता कूलर बंद ठेवला आणि दुपारी स्वयंपाकघरातच त्या कोसळल्या. दवाखान्यातून त्यांना घरी आणताना अक्का एवढंच म्हणाली, "आता बिनपाण्याचा गारवा करते मी घरात."

ह्यांनी विचारलं, मग एसी का नको? अक्काने आम्हाला फ्रीजजवळ नेलं आणि माझा हात त्याच्या मागच्या बाजूला लावला. "गरम लागतंय न्हवं? आतली उष्णता इथून बाहेर पडतीय. एसी ती भर दुपारच्या तापल्या हवेत ढकलतो, म्हणून त्याला जड जातं, वीज लई लागते. आपण ती जमिनीत ढकलू. जमीन त्या हवेपेक्षा कितीतरी गार. अन् हिवाळ्यात उलटं फिरवायचं, जमिनीतली ऊब घरात." बोलताना तिचे डोळे चमकत होते.

अंगणात तीन बोअर घ्यायचे ठरले. मशीनची गाडी गल्लीत शिरली आणि कमलबाई तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "आमच्या बोअरला थेंबभर पाणी हाय. तेबी ओढतीस का अक्का?" अक्काने त्यांना काळ्या पाइपचं वेटोळं दाखवलं. "ह्यातून पाणी वर काढायचं न्हाई, मावशी. पाइपची दोन्ही टोकं आपल्या पंपालाच जोडलेली. आतलं पाणी खाली जाऊन उष्णता सोडतंय अन् तेच परत येतंय." कमलबाईंचा विश्वास बसेना. "भोक पाडल्यावर पाणी लागलं तर कोण सोडतंय?" अक्का म्हणाली, "लागलं तर तुमचं."

पहिल्या दोन्ही बोअरमधून नुसता पांढरा धुरळा उडाला. तिसऱ्यातून आधी चिखल आला, मग पाणी... गल्लीतली माणसं पळत आली. मी अक्काकडे बघितलं तर तिचा चेहरा उतरला होता. ओली जमीन उष्णता चटकन घेते. म्हणजे तिच्या कामाला सगळ्यात चांगला बोअर नेमका तोच होता. हे म्हणाले, "पाइप आत सोड की. आपण कुठं पाणी उपसतोय?" पण पाइप आत सोडल्यावर भोक बुजवावंच लागतं, मग ते पाणी कोणालाच मिळणार नव्हतं, आणि अंगणात चौथ्या बोअरला जागा नव्हती. अक्काने स्वतःच्या हाताने तिसरं वेटोळं गुंडाळून भिंतीला लावून ठेवलं. "मावशी, गल्लीसाठी मोटार कोणती बसवायची ते बघा."

दोन बोअरवर दोनच खोल्या गार होणार होत्या. अव्वांची आणि मधली. अक्काची खोली राहिली ती राहिलीच. उन्हाळ्यात आम्ही निलंग्याला गेलो की मधल्या खोलीत गारव्याला झोपायचो आणि ती, इतकी वर्षं बर्फात काढलेली बाई, घामोळ्या खाजवत गच्चीवर जायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, आज तू झोप इथं." ती हसली. "तुम्ही चार दिवसाचे पाहुणे. झोपा गुमान." थंडीत मात्र अव्वांच्या उबदार खोलीत येऊन बसायची, त्यांचे पाय मांडीवर घेऊन.

आता शाळेतून रजा घेऊन मी अव्वांजवळ राहते आहे. परवा सकाळी त्या कुठे दिसेनात. मागच्या भिंतीशी गेले तर त्या पंपापाशी उभ्या होत्या, जमिनीत जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर एकेक तळवा टेकून.

"काय बघता अव्वा?"

"महानंदा उठली की आधी हेच करायची. जाणारी गरम लागली अन् येणारी गार, की म्हणायची, चाललंय बघ अव्वा."

"अन् आज?"

अव्वा जरा बाजूला सरकल्या आणि माझा हात धरून येणाऱ्या गार नळीवर ठेवला.