हेराचा दुसरा सिनेमा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना अर्धं ठाऊक होतं, ती दोघं आता नाहीत. उरलेलं अर्धं — आणि तेच जास्त वाईट — माझ्या एकटीपाशी आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही.

लग्न होऊन मी पेणला आले, रामवाडीत. घरात माझ्या वयाचं एकच माणूस, माझी नणंद शालन. थोडी मोठी, म्हणून मी तिला वन्सं म्हणायची. आमचं जमलं ते एका सिनेमामुळे. हेरगिरीचा हिंदी सिनेमा लागला होता, हे आम्हा दोघींना घेऊन गेले. काळा गॉगल लावलेला हीरो, सिगारेटच्या लायटरमध्ये कॅमेरा, विमानातून उडी मारली तरी कोटाला सुरकुती नाही. हे मध्येच झोपले. आम्ही दोघी मात्र खुर्चीच्या टोकावर. त्यात एक बाई होती. शत्रूच्या घरात राहायची आणि खिडकीत दिवा ठेवून हीरोला खूण करायची. शालन माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, ही तू."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या घरात तोवर माझी भाकरी जाड की पातळ, एवढंच बघितलं जात होतं.

मग आमचा खेळच झाला तो. सासूबाईंसमोर बोलायची आमची गुप्त भाषा. "आज पापड वाळतील काय गो वहिनी?" म्हणजे वाट मोकळी आहे का. आधी नुसती गंमत होती. पुढे त्या भाषेला खरं काम मिळालं — मधुकर. रोह्याजवळ धाटावला कंपनीत होता. मूळचा खाडीकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. आमचे सासरे भातशेतीवाले. त्यांच्यापुढे हे नाव काढायची सोय नव्हती. शालनने ते मला सांगितलं, आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या जनाकाकीला. काकी विधवा, मधुकरच्याच गावची. "भात घरात येऊ दे, मंग मी बोलते तुझ्या बापाशी. तवर गप ऱ्हा," असं काकीने तिला सांगून ठेवलं होतं. सासरे काकीचं ऐकायचे. म्हणजे काही होऊही शकलं असतं — नाही का?

शालन मधुकरला भेटायला गेली की मी दारात तांदूळ निवडत बसायची. कुणी विचारलं तर थाप मारायची. आवडायचं मला ते. खोटं कशाला बोलू?

आणि मग त्याच हेराचा दुसरा सिनेमा आला. आमचं ठरलेलं होतं — दोघींनी बरोबर बघायचा. पेणला लागायला अवकाश होता, रोह्याला आधी लागला. एका सकाळी शालन मावशीकडे जाते म्हणून रोह्याला निघाली. चप्पल घालताना हळूच म्हणाली, "मधुकरने तिकिटं काढलीत. आल्यावर सगळी गोष्ट सांगते तुला."

गोष्ट सांगते. मला.

एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. एका सिनेमाला मला नेलं नाही.

हेही धाटावलाच कामाला, त्या दिवशी ह्यांची दुसरी शिफ्ट होती. कंपनीची बस रोह्यावरूनच धाटावला जायची. हे बूट घालत होते. सासूबाई आतून म्हणाल्या, "शालन पोचली असल नाय मावशीकडे?" आणि मी म्हटलं, "मावशीकडे कुठल्या, सिनेमाला असतील. मधुकरबरोबर."

तोंडून निसटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. निसटलं नव्हतं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत मी थांबले होते. दोघंही तिथं असतानाच बोलले.

हे कामावर गेलेच नाहीत. रोह्याला उतरून थिएटरच्या दाराशी उभे राहिले. सिनेमा सुटला, तेव्हा सगळ्या गर्दीसमोर बहिणीचा दंड धरला आणि तिला एसटीत बसवून घरी आणलं. सासूबाईंनी तिला मारलं. सासरे दुसऱ्या दिवशी माणगावला जाऊन स्थळ ठरवून आले. ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू बोललीस ते तिला कळू देऊ नको. आईलाही मी बजावलंय." ते अर्धं ह्यांना आणि सासूबाईंना ठाऊक होतं.

आता दुसरं अर्धं.

शालनला खोलीत ठेवलं होतं. मी ताट घेऊन गेले. तिचा ओठ सुजला होता. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "कोण बोललं गो वहिनी?" माझ्यावर संशय — तो तिच्या मनातही नव्हता. मी गप्प राहू शकले असते. ठाऊक नाही, असं म्हणू शकले असते. मी म्हटलं, "जनाकाकी."

का तिचंच नाव? कारण ठाऊक असणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

दोन दिवसांनी काकी समजूत काढायला आली. सासऱ्यांशी बोलायचंच म्हणून आली असावी. शालन आतून ओरडली, "हिला घरात घेऊ नका!" काकी ओटीवरूनच परत गेली. मग विहिरीवर मला गाठून म्हणाली, "पोरी, मी नाय गो सांगितलं. तुला तरी ठाव हाय ना?"

मी कळशी उचलली. "मला काय ठाव, काकी," म्हटलं.

लग्न झालं. माणूस चांगला निघाला, मुलंबाळं झाली, तशी शालन सुखात आहे. हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही. मधुकर कंपनी सोडून कुठे गेला, कळलं नाही. काकी वारली, तेव्हा शालन माहेरीच होती, मुलांना घेऊन. सगळी आळी तिकडे गेली. ही उठली नाही. "माझा संसार मांडायच्या आधीच मोडला त्या बाईने, मी तोंड बघायची नाय तिचं," म्हणाली. तेव्हा तरी सांगायचं? काकीला घेऊन जायला अजून वेळ होता. मी म्हटलं, "राहू द्या वन्सं, मनाला लावून घेऊ नका." आणि एकटी जाऊन काकीच्या पायांशी बायकांत बसले.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. टीव्हीवर हेरांची मालिका लागली की तिचा फोन येतो. कोण फितूर निघणार, ते ती आधीच ओळखते आणि हसते. आणि ठेवताना दर वेळी म्हणते, "वहिनी, त्या घरात माझी अशी तू एकटीच होतीस."

मी हं म्हणते.