भामेच्या खोऱ्यात, खाकी पँट घालून

कुठे निघायचं तर लोकांकडे काहीतरी कारण असतं. देवदर्शन, लग्न, नाहीतर डॉक्टरने सांगितलेली हवापालट. आम्ही भामेच्या खोऱ्यात गेलो ते एक भट्टी उभी आहे की पडली, एवढंच बघायला. चुन्याची भट्टी. हे ‘चुन्याची’ मी आधीच लिहून टाकतो. हा एक शब्द वेळेवर तोंडातून न निघाल्यामुळे आमचे जे हाल झाले, ते निदान वाचणाऱ्याचे होऊ नयेत.

भट्टी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची. चाकणच्या पश्चिमेला डोंगरातून भामा नदी उतरते. त्या खोऱ्यात तात्यांनी उभं आयुष्य चुना भाजण्यात घालवलं. ओढ्याकाठची चुनखडी गोळा करायची, भट्टीत कोळसा आणि खडे यांचे थर रचायचे, खालच्या मोरीतून आग द्यायची. त्या भागातले पूल, देवळं, विहिरी सगळं त्यांच्या चुन्यात बांधलेलं. मग सिमेंटच्या गोण्या आल्या आणि चुना पानाला लावण्यापुरता उरला. तात्या पुण्याच्या बाजूला मिळेल त्या बांधकामावर राखणीला राहिले. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तापाने अंथरूण धरलं, तेव्हा सुमन, म्हणजे आमची मंडळी, त्यांना पिंपरीला आमच्या खोलीवर घेऊन आली. मी इथल्या नव्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला असतो.

तात्या बरे झाले आणि तिथून खरी पंचाईत सुरू झाली. चाळीतलं कुणी सहज विचारायचं, “तात्या, तुम्ही आधी काय करत होता?” तात्या ताठ बसून अभिमानाने सांगायचे, “माझी भट्टी व्हती.” आता सगळीकडे दारूबंदी, आणि बंदीच्या दिवसांत भट्टी म्हटलं की लोकांना एकच भट्टी आठवते. शेजारच्या बाईंनी सुमनला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. पलीकडच्या खोलीतले फिटर मात्र एका संध्याकाळी टॉवेलात रिकामी बाटली गुंडाळून आले आणि अगदी अदबीने म्हणाले, “तात्या, तुमच्या ओळखीचं अजून कुणी चालू आहे का हो?”

तात्यांना ते काय म्हणतायत हे कळायला वेळ लागला. कळलं, तेव्हा ते जेवले नाहीत. त्यांचं पहिल्यापासून तसंच आहे. मनाला लागलं की बोलत नाहीत, भांडत नाहीत, फक्त ताट बाजूला सारतात.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. “मी जातो गावाकडं,” ते म्हणाले. “भट्टी उभी असंल तर तितंच खोपट घालून ऱ्हाईन. तितं भट्टीवाला म्हनलं की लोक हात जोडत्यात. पडली असंल तर येतो माघारी, मग तुमी म्हनाल तसं.”

सुमनने रडून पाहिलं, रागावून पाहिलं. या वयात, नुकताच दुखण्यातून उठलेला बाप डोंगरात एकटा राहणार, ही कल्पनाच तिला सहन होईना. शेवटी तिने मला मोरीपाशी गाठलं. “अहो, तुम्ही बरोबर जा. आणि तात्यांना घेतल्याशिवाय दारात येऊ नका.”

म्हणजे भट्टी उभी निघाली तर मी बेघर. मी रजा टाकली आणि ती भट्टी पार भुईसपाट झालेली असू दे, असं देवाला विनवत सासऱ्यांबरोबर निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. पिंपरीहून टांग्याने भोसरी गाठावी आणि तिथे नाशिक रस्त्यावर एस.टी.ची वाट बघावी. ती पुण्याहूनच भरून येते, त्यामुळे उभं राहण्याची तयारी ठेवावी. मोशी मागे पडली की इंद्रायणीचा पूल लागतो आणि गाडीतले सगळे हात जोडतात. ज्यांचे हात दांडीला असतात ते मान लववतात, आणि तेवढ्यात ड्रायव्हर गाडी खड्ड्यात घालतो. चाकणला उतरल्यावर आधी कांद्याचा वास येतो, मग चाकण दिसतं. भुईकोट किल्ला आहे. तो बघावा, पण बाजाराच्या दिवशी तिथपर्यंत पोचायला कांद्याच्या गोण्यांवरून जावं लागतं.

आता पोशाखाबद्दल. मी कारखान्याने दिलेली खाकी पँट घातली होती. मजबूत कापड, मळखाऊ रंग, प्रवासाला याहून चांगलं काय? स्टँडजवळच्या हॉटेलात भजी आणि चहा घेतला. भजी उत्तम. तात्यांना वाट पाठ होती, तरी खात्री करावी म्हणून मी मालकाला चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, “भामेच्या खोऱ्यात भट्टी आहे, तिकडे कसं जायचं हो?”

कोपऱ्यातले दोघं अर्धा चहा टाकून मागच्या दाराने निघून गेले. मालकाने आमच्याकडून पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि आणखी एक प्लेट भजी आणून ठेवली. चाकणची माणसं फार अगत्याची आहेत, अशी मी मनात नोंद केली.

पुढे बाजार करून परतणारी एक रिकामी बैलगाडी मिळाली. खोऱ्यात शिरताना आधी ज्वारीची शेतं लागतात. हळूहळू डोंगर जवळ येतात आणि मग भातखाचरं सुरू होतात. दिवाळी होऊन गेलेली, भात कापून झालेलं, खळ्याखळ्यावर झोडणी चाललेली. डाव्या हाताला भामा होती. नदी म्हणून फार मोठी नाही, पण पाणी इतकं नितळ की तळातले गोटे दिसत होते. पिंपरीत राहून नितळ पाणी ही गोष्टच मी विसरलो होतो. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गाडीवान आणि तात्या पिकापाण्याचं बोलत होते. मी मध्येच म्हणालो, “राव, इथली भट्टी अजून चालू आहे का?”

गाडीवानाने माझ्या पँटकडे पाहिलं. “न्हाई बा. आमच्याकडं तसलं काय न्हाई. आमी माळकरी मानसं.” थोड्या वेळाने त्याचे बैल अचानक दमले. आम्ही उतरलो, आणि ते दमलेले बैल पळत निघून गेले.

त्यामुळे पायी जावं लागलं, पण ते चांगलंच झालं. वाटेत एक जुना दगडी पूल लागला. तात्यांनी खाली उतरून दोन दगडांमधल्या सांध्यावर काठी वाजवली आणि म्हणाले, “ह्यो माजा.” पुढे एका मळ्यातली विहीर आली. तिच्या काठावर हात फिरवला. “हीबी माजी.” मग धर्मशाळेची भिंत आली, मग देवळाचा कळस. एवढी इस्टेट असलेल्या घरातली मुलगी आपण केली आहे, हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

खाणावळ वगैरे या भागात नाही. देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला आणि पुजाऱ्यांच्या घरून पिठलं-भाकरी आली. पुजाऱ्यांना काही विचारायला मी तोंड उघडलं तेव्हा तात्या म्हणाले, “तुमी गप बसा.”

सकाळी पुढच्या गावात शिरलो तर गडीमाणसं दिसेनात. पाणवठ्यावर बायका होत्या. ओळख पटेल म्हणून तात्या पुढे झाले आणि म्हणाले, “बायांनो, भट्टीकडं जायचंय.” त्यांतली एक म्हातारी माझ्याकडे बघून हात जोडत म्हणाली, “काय न्हाई हो सायेब, कालच सगळं वतून टाकलं!”

तात्या थांबले. त्यांनी माझ्या पँटकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. आता कुठे सगळा उलगडा झाला. खाकी पँट घालून भट्टीचा पत्ता विचारणारा माणूस म्हणजे दारूबंदीचा पोलीस. कालपासून आम्ही अख्खं खोरं दहशतीखाली ठेवलं होतं.

“काडा ती,” तात्या म्हणाले.

त्यांच्या पिशवीत एक जास्तीचं धोतर होतं. धोतर नेसायची मला सवय नाही. ते नेसून मी ओढा ओलांडला, त्याचं वर्णन इथे करत नाही. पण तात्यांचा चेहरा उतरला होता आणि तो काही माझ्या धोतरामुळे नाही. “हितं तरी,” ते चालता चालता म्हणाले, “मला वाटलं हितं तरी भट्टी म्हनलं की चुना म्हनत्याल.”

ओढ्याचं वळण घेतलं आणि ते जागच्या जागी थांबले. झाडीतून धूर वर चढत होता.

“पेटलीया!” तात्या ओरडले. “जावईबापू, माजी भट्टी पेटलीया! कुनीतरी चुना भाजतंय!” आणि तापातून उठलेला तो माणूस काठी टाकून पळत सुटला. मी त्यांची काठी उचलली, पण मला पळवेना. कारण वारा आमच्या बाजूला होता, आणि मला सडक्या गुळाचा वास आला होता.

भट्टी उभी होती. गोल, दगडी, पुरुषभर उंच, बाहेरून मातीने नीट लिंपलेली. तिच्या मोरीत लाकडं जळत होती. वर मडक्यावर मडकं रचलेलं होतं आणि एका नळीतून थेंब थेंब पडत होता. शेजारी एक बाई हातात काठी घेऊन उभी होती. तात्यांना बघताच तिने काठी टाकली आणि डोक्यावरचा पदर सावरला.

“तात्या? आवो, मी बायजा! तुमच्याकडं खडं वाहायला व्हता त्येची बायकू.”

तात्या भट्टीभोवती एक फेरी घालून आले. मग बसले. बायजाने आमच्यापुढे आदराने दोन पेले ठेवले. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तात्यांकडे पाहिलं. आम्ही ओढ्याचं पाणी प्यायलो.

“त्यो गेला,” बायजा म्हणाली. “पदरात दोन पोरी. जिमीन न्हाई. ह्ये करते. चांगलं न्हाई, म्हाईत हाय मला. तुमची भट्टी हाय तात्या, तुमी म्हनाल तर उद्या सकाळी उठते.”

“लिपली कुनी?” तात्यांनी विचारलं.

“मीच. पाऊस सरला की दरसाल लिपते. न्हाईतर कवाच पडली असती.”

“पोलीस येत न्हाई?”

“येतो की. धूर दिसला की इचारतो कसली भट्टी.” बायजा खाली बघत म्हणाली, “मी सांगते, चुन्याची हाय, भट्टीवाल्या तात्यांची. म्हातारी मानसं त्याला सांगत्यात, व्हय व्हय, तात्या लई इमानी मानूस. मंग जातो माघारी.”

तात्यांनी मोरीतल्या जाळाकडे पाहिलं. रागावतील, लाथ मारून मडकी फोडतील, असं मला वाटत होतं. ते उठले. वरच्या कडेला एक चीर गेली होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितं माती कमी पडतीया. हितनं पानी शिरंल. नीट लिपत जा.” आणि मला म्हणाले, “चला, जावईबापू.”

ओढ्यापाशी आल्यावर मला राहवलं नाही. सुमनची ताकीद डोक्यात असूनही मी बोलून गेलो, “पण तात्या, उभी आहे की. तुमचा शब्द…”

“मी हितं ऱ्हायलो तर ती पोरी घिऊन कुटं जाईल?” तात्या म्हणाले. परतताना पुलावर काठी वाजवायला ते विसरले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा सुमन दारातच होती. आम्हा दोघांना बघून तिने आधी श्वास सोडला आणि मग माझं धोतर बघितलं. (पँट मी पिशवीत ठेवली ती घरात आल्यावरच बाहेर काढली.) “काय झालं?” तिने तात्यांना विचारलं.

“पडली,” तात्या म्हणाले.

“अगं बाई,” सुमन म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

आता हे लिहिताना हिशेब मांडतो की त्या सहलीतलं माझ्याजवळ काय उरलं. पाण्याचा नितळपणा उरला. चाकणची भजी उरली. खाकी पँट आता मी फक्त कारखान्यात घालतो. तात्या आमच्याकडेच राहतात. चाळीत कुणी विचारलं तर ‘चुन्याची’ आधी म्हणतात आणि ‘भट्टी’ मग, आणि शेजारच्या बाईंनी सुमनला पुन्हा हळदीकुंकवाला बोलावलं आहे. त्या खोऱ्यात जरूर जा. पूल बघा, विहिरी बघा, सांध्यावर हात फिरवून बघा. ओढ्याच्या पुढचा रस्ता मी लिहिलेला नाही आणि गावाचं नावही लिहिलेलं नाही. कुणी विचारलंच तर भट्टी पडली आहे, तिथे बघण्यासारखं काही नाही.

परवा तात्या पारावर गेले होते. सुमन भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “भट्टी उभी आहे ना हो?”

“तात्यांनी सांगितलं ना तुला, पडली.”

“पडली असती तर त्या दिवशी ते जेवले असते का? मागून मागून खात होते.”

परातीतलं पीठ तिने उगाचच सारखं केलं. डोळे भरून आले होते, हात पिठाचे, म्हणून दंडाने पुसले.

“उभी असून आले,” ती म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.