पांढऱ्या बुटांची माफी

"पायातलं काढ."

कॉन्व्हेंटच्या मोठ्या मदर एवढंच म्हणाल्या. चर्चच्या दारात. आमी पोरी दोन रांगांत उभ्या होतो, हातात मेणबत्ती, डोक्यावर पांढरं जाळीचं फडकं. पुढची रांग कॅम्पातल्या पोरींची, कॅम्प म्हंजे बेळगावातली गोऱ्यांच्या पलटणीची वस्ती. मागची आमची. आत बाजाची पेटी सुरू झालती. मला वाटलं, मदर दुसऱ्या कुणाला तरी म्हणतात. मी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"तूच. काढ ते."

ते म्हंजे माझे बूट. पांढऱ्या कातड्याचे, नाडीचे, आप्पानं शिवलेले. आप्पा म्हंजे माझा बाप. त्या दिवशी आमचा पयला प्रसाद होता. फादर त्याला कोमुन्यांव म्हणायचे. मी नऊ वर्षांची होते. त्या दिवसाची वर्षभर वाट बघितलेली.

पुढच्या रांगेत बँडमास्तराची लिली रडत होती. तिच्या बुटाचा तळ पुढनं उघडलेला. मुंबईहून मागवलेले बूट, आणि दारातच त्यांनी दगा दिला. मदरनी तिच्या पायाकडं बघितलं, मग सगळ्यांच्या पायांकडं बघत माझ्यापाशी येऊन थांबल्या. आमच्या रांगेत पायात काय असलेली मी एकटीच होते.

मी बूट काढले. टीचरबाईंनी ते लिलीच्या पायात घातले. तिला बरोबर बसले. त्याचा मला लई राग आला. निदान घट्ट तरी व्हायचे होते. मदरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांच्या तुटक मराठीत म्हणाल्या, येशूपण अनवाणी चालला. तुमचे लोक तर देवळात अनवाणीच जातात ना? मग?

खरंच होतं ते. आमची जात चामड्याची. आज्जानं डोक्यावर पाणी घेतलं, गळ्यात क्रूस घातला, तरी चामडं काय सुटलं न्हाय, आणि देवाच्या दारात पायताण काढायची सवयपण सुटली न्हाय. चर्चच्या फाटकाबाहेर एक चिंच होती. तिच्याखाली आमच्या वस्तीच्या चपला. कॅम्पातली माणसं बूट वाजवत आत जायची, बाकड्यावर बसायची. आमी चिंचेखाली पायताण काढून मागच्या दारानं जायचो, चटईवर बसायचो. आई म्हणायची, बाकड्यावर बसणाऱ्यास्नी रीत न्हाय, देवाच्या घरात पायताण घालून जातात, आपल्याला रीत हाय. तिला त्याचा मान वाटायचा. आमचं अनवाणी जाणं आमची भक्ती होती. त्यांनी ती आमची पायरी करून टाकली आणि आमास्नी कळलंच न्हाय.

बूट शिवायचे ठरले तवा आईनं आप्पाशी भांडण काढलं होतं. देवापुढं बूट घालून जायाची पोरगी? जीभ झडंल. आप्पा आईचं कधी मोडायचा न्हाय, पण ह्या येळंला मोडलं. कॉन्व्हेंटच्या शाळेतल्या पोरींचे बूट तोच दुरुस्त करायचा. आवारात दोन शाळा होत्या. मोठ्या इमारतीत इंग्रजीची, फी भरणाऱ्यांची. गोठ्याशेजारच्या पडवीत आमची, फुकटची. आप्पा मोठ्या इमारतीच्या दारात बसून ठोकायचा आणि बघायचा. एक दिवस घरी येऊन आईला म्हणाला, "ह्या सगळ्या पोरींचे पाय मी हातात धरलेत. माझ्या पोरीचे मापाला घेतले न्हायीत कधी."

मग त्यानं माझं माप घेतलं. राहिलेल्या तुकड्यांतनं पांढरं कातडं जमवलं. कुठं सांधा दिसू नये म्हणून इतकं बारीक शिवलं की डोळे दुखाय लागले. आणि टाचेवर निळ्या दोऱ्याचं एक फूल काढलं. कुणाच्याच बुटाला तसलं फूल नव्हतं. ते मीच मागितलं होतं.

बाजाच्या तालावर आमी आत गेलो. आमची माणसं मागं चटईवर बसलेली, म्हंजे त्यांच्या डोळ्यांपुढनं पयल्यांदा पायच जायचे. लिली गेली. आप्पानं ते फूल बघितलं. मग मान वर करून तोंड बघितलं. मग मी गेले, अनवाणी. आप्पानं मान खाली घातली. सगळा येळ वर केली न्हाय. फादरनी जिभेवर प्रसाद ठेवला तवा देवाचा इचार माझ्या मनात आलाच न्हाय. पुढं गुडघे टेकलेल्या पोरीच्या टाचेवर निळं फूल होतं, मी तेवढंच बघत होते.

प्रसादाच्या आधी रात्रीपासनं पाणीसुद्धा प्यायचं नसतं. त्यामुळं मास, म्हंजे चर्चची पूजा, संपल्यावर पोटात कावळे ओरडत होते. कॅम्पातल्या पोरींना हॉलमधी टेबल मांडलेलं. केक, बिस्किटं, चहा. आमाला पडवीत पाव आणि गुळाचं पाणी. मी पाव हातात घेतला आणि फाटकाकडं बघितलं. चिंचेखाली आप्पा बसला होता. सणाचा काळा कोट अंगात. गुडघ्यांत लिलीचा फाटका बूट. टीचरबाईंनी त्याला तितल्या तितं तो शिवाय लावला होता. सणाच्या दिवशी तो कधी आरीला हात लावायचा न्हाय. आज लावला. वस्तीची माणसं चपला घालत त्याच्या बाजूनं चालली होती आणि कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाव खाली ठेवला आणि हॉलमधी गेले.

मला कुणी अडवलं न्हाय. का अडवलं न्हाय ते मला नंतर कळलं, आणि आजपण ते आठवलं की मला बसवत न्हाय. मी लिलीच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले. टेबलावरच्या बायांनी बघितलं आणि परत बोलाय लागल्या. त्यांना वाटलं, चांभाराची पोर बूट पुसाय आली. लिली केक खात होती. मी डाव्या पायाची नाडी सोडली. बूट काढला. तिनं खाली बघितलंसुद्धा न्हाय. उजवा पाय तिनं आपणहून पुढं केला.

आपणहून. इतकी सवय.

मी दोन्ही बूट घेतले. तितंच फरशीवर बसून पायात घातले, नाड्या बांधल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. मी पायऱ्या उतरले तवा कुठं मागनं लिलीचं रडणं ऐकू आलं. आप्पानं मला बघितलं. हातातली आरी तशीच धरून बसून राहिला.

घरी आईनं मारलं. पुढं दोन दिवसांनी उपदेशक आले. उपदेशक म्हंजे फादरचा आमच्या वस्तीतला माणूस, प्रार्थना शिकवणारा, आमच्यातलाच. ते ओसरीवर बसले आणि निरोप सांगितला. पोरीनं शनवारी कुमसाराला यायचं. कुमसार म्हंजे जाळीआड बसलेल्या फादरला पापं सांगायची, तो देवाच्या वतीनं माफी देतो. तितं सांगायचं, मी चोरी केली. मग ऐतवारी सगळ्यांदेखत अनवाणी येऊन बूट मदरच्या पायापाशी ठेवायचे आणि माफी मागायची. असं केलं तर शाळा राहील. आप्पाचं कॉन्व्हेंटचं कामपण राहील. न्हाय केलं तर दोन्ही न्हाय.

शाळा. पडवीतली असली तरी शाळा. मला मराठी तिसरं पुस्तक लागलं होतं. आप्पाला मी दिवेलागणीला धडा वाचून दाखवायची आणि तो हातातलं काम थांबवून ऐकायचा. त्याच्या घराण्यात अक्षर ओळखणारं मी पयलं माणूस. त्या आठवड्यात त्यानं मला कितीदा समजावलं असंल. "म्हण की गं. दोन शब्द. जीभ झिजती व्हय?" त्याच्या तोंडून हे ऐकताना मला मदरपेक्षा त्याचा राग आला. ज्यानं निळं फूल काढलं, त्यानंच ते पायापाशी ठेव म्हणायचं.

शनवारी सांजच्याला मी कुमसाराला गेले. जाळीजवळ तोंड नेलं. खोटं बोलले, गूळ चोरून खाल्ला, भावाला मारलं, आईला उलटून बोलले, सगळं सांगितलं.

"आणखी?" फादरनी इचारलं.

"न्हाय."

"बूट?"

"ते माझेच हैत."

मग फादर म्हणाले, चोरी कबूल केल्याशिवाय माफी मिळणार न्हाय, आणि माफी न्हाय तर प्रसाद न्हाय. मी उठले. नरकाचं चित्र शाळेच्या भिंतीवर होतं, रोज बघायचो आमी. मला भ्या वाटलं न्हाय असं मी म्हणणार न्हाय. लई वाटलं.

ऐतवारी सकाळी आप्पानं बूट खडूनं चोळून पांढरे केले. फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले. मदरला द्यायला चांगले दिसावेत म्हणून. आमी चिंचेपाशी पोचलो. आईनं चपला काढल्या, आप्पानं काढल्या. मी खाली बसले, फडकं सोडलं आणि बूट पायात घातले. आप्पानं माझा दंड पकडला. जोरात पकडला, वळ उठला. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग सोडला. त्याच्या मनात काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं न्हाय.

मी पुढच्या दारानं आत गेले. बूट वाजत होते. आप्पानं तळ मजबूत घातला होता. मदर पहिल्या बाकड्यापाशी वाट बघत उभ्या होत्या, हात पुढं करून. मी त्यांच्यापाशी थांबले न्हाय. वेदीपुढच्या कठड्याला जाऊन गुडघे टेकले. प्रसादाची येळ झाली. फादर एकेकाच्या जिभेवर प्रसाद ठेवत आले. माझ्यापाशी आले. मी तोंड उघडलं, जीभ पुढं केली. फादर मला चुकवून पुढच्याकडं गेले.

सगळ्या चर्चनं बघितलं. उघड्या तोंडानं बसलेली पोर. मी तोंड मिटलं, पण उठले न्हाय. माणसं गेली, मेणबत्त्या इझवल्या, झाडूवाला आला, तरी बसून राहिले.

मग काय व्हायचं ते झालं. शाळेतनं माझं नाव काढून टाकलं. आप्पाचं काम गेलं. कॅम्पात दुसरं कुणी काम दीना, मग आमी निपाणीला आत्तीकडं गेलो. आप्पा तंबाखूच्या वखारीत पोती उचलाय लागला. शिवणारे हात त्याचे. आई जेवाय वाढताना म्हणायची, ह्या बुटांनी खाल्लं आमाला. मीपण वखारीत बायांच्यात बसून तंबाखू निवडला. तिसऱ्या पुस्तकाच्या पुढं गेले न्हाय. आप्पा म्हातारा झाला, खोकून खोकून गेला. 'बरोबर केलंस' असं एकदापण म्हणाला न्हाय. 'चूक केलीस' असंपण न्हाय. कोण मला इचारतं, मिळालं काय? काय मिळालं न्हाय. आप्पाच्या हातचं काम गेलं, ते माझ्यामुळं गेलं, ह्याचं वझं माझ्या छातीवर हाय आणि ते राहणार. पण काम माझ्या हातनं गेलं, काढून मात्र त्यांनी घेतलं. ह्यातला फरक कुणी मला पुसून दाखवावा.

लगीन होऊन मी परत बेळगावात आले, खासबागेत राहते. गोऱ्यांचं राज्य आता जाणार म्हणतात. रोज कुणी ना कुणी झेंडा घेऊन रस्त्यानं जातंय. मला बघायचंय, चटई कवा जाती ती. अजून तितंच हाय. चिंचपण हाय, खाली चपला हैत.

मी चिंचेखाली पायताण काढत न्हाय. पुढच्या दारानं जाते, बाकड्यावर बसते. बाजूच्या बाया सरकून बसतात. सरकू देत, मला ऐसपैस होतं. देव मी सोडलेला न्हाय. तो काय त्यांनी मुंबईहून मागवलेला न्हाय.

ह्या साली पास्काच्या, म्हंजे येशू परत उठल्याच्या सणाच्या, आधी कुमसाराला गेले. नवे फादर. तरणे, गोड बोलणारे, गोव्याकडचे. वर्षभराची पापं सांगितली. त्यांना जुनी गोष्ट कुणीतरी सांगून ठेवलेली. जाळीआडनं हळूच म्हणाले, बाई, तू तवा लहान होतीस, एक शब्द बोल, मी आत्ता माफी देतो, इतकी वर्षं प्रसादाशिवाय राहिलीस, जिवाला त्रास कशाला?

मऊ आवाज होता. खरं सांगते, क्षणभर मला रडू आलं. जिभेवरची ती पयली चव मला आठवत न्हाय, कारण तवा मी निळ्या फुलाकडं बघत होते. ती चव मला पायजे होती. अजून पायजे.

"फादर," मी म्हटलं, "बूट माझे होते. माझ्या बापानं माझ्या मापानं शिवलेले. त्याला चोरी म्हणाय लावायचं आसंल तर माफी तुमच्याकडंच ठेवा. मी मराय टेकले आणि इचारलासा, तरी हेच सांगीन."

त्यांनी माफी दिली न्हाय. मी मागितलीपण नव्हती.

ऐतवारी परत गेले. पायात बूट. कठड्याला गुडघे टेकले, तोंड उघडलं. फादर आले, थांबले, पुढं गेले. माणसं उठून गेली. मी बसले होते.

येत्या ऐतवारीपण जाणार. त्यांना दर ऐतवारी सगळ्यांदेखत मला चुकवून जावं लागंल. मी उठणार न्हाय.