चार तळपाय

साबणाच्या वडीएवढा तो चंदेरी कॅमेरा कागदोपत्री दवाखान्याचा होता, पण विरुलो गावात सगळे त्याला 'नेरोलिनचा कॅमेरा' म्हणत. दातांच्या डॉक्टरांचं एक परदेशी पथक जाताना तो सिस्टर हिल्डाच्या हातात ठेवून गेलं होतं. हिल्डानं आठवडाभर तो गोळ्यांच्या कपाटात ठेवला आणि मग शेजारच्या खोलीत नेऊन दिला. "तूच बघ बाई याचं. मला ताप मोजायला वेळ पुरत नाही."

नेरोलिन किलोए तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. दवाखान्याला लागूनच पत्र्याची एक खोली होती. तिथे ती रेडिओवरून ईमेल पाठवण्याचं केंद्र चालवायची. एक लॅपटॉप, एक रेडिओ, छपरावर सोलरची पाटी आणि दोन नारळींच्या मधे ताणलेली तार, एवढाच पसारा. चॉइसल बेटाच्या त्या किनाऱ्यावर फोन पोचला नव्हता. लोक येऊन दारात बसत, मजकूर तोंडी सांगत आणि ती टाइप करी. तोंडात सुपारी असेल त्याला ती उंबरा ओलांडू देत नसे. चुन्याचे शिंतोडे उडाले की बटणं चिकटतात, असं तिचं म्हणणं. तरुणपणी ती राजधानीत, होनियाराला नर्सिंग शिकायला गेली होती. दुसऱ्या वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि ती परत आली. आई पुढे नऊ वर्षं जगली. तोवर तिच्या वर्गातल्या मुली सिस्टर झाल्या होत्या, काहींना मुलंबाळंसुद्धा झाली होती.

कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक तिनं तीनदा वाचलं. येणारेजाणारे चिडवायचे, "बायबल संपलं वाटतं तुझं?" ती मान वर करत नसे. फुलाचं चित्र असलेलं बटण जवळच्या वस्तूसाठी. विजेच्या बाणाचं फ्लॅशसाठी, आणि तो बाण खोडलेला दिसला की फ्लॅश बंद. सूर्य, ढग, दिवा ही चित्रं उजेडाचा रंग सांगण्यासाठी. फोटोचा आकार कुठे बदलायचा, हे मात्र ती ठेच खाऊन शिकली. पहिल्याच महिन्यात तिनं कुणाच्या तरी पायावरच्या जखमेचा भलामोठा फोटो पाठवायला घेतला. सकाळपासून दुपारपर्यंत रेडिओ त्यातच अडकून पडला आणि सगळ्या बेटांची पत्रं खोळंबली. होनियाराच्या मुख्य कचेरीतून खरमरीत चार ओळी आल्या. तेव्हापासून तिचा कॅमेरा सगळ्यात लहान आकारावरच असे.

दोन हजार पाच सालचा ऑगस्ट होता. आग्नेयेचा वारा आठवडाभर थांबला नव्हता आणि खडकांच्या रांगेपलीकडे समुद्र पांढरा दिसत होता. मंगळवारी सकाळी जोसिंटा आपलं पाच दिवसांचं बाळ घेऊन दवाखान्यात आली. बाळंतपण इथेच, हिल्डाच्याच हातून झालं होतं. जोसिंटाचा नवरा दूर लाकूडतोडीच्या छावणीवर कामाला होता, म्हणून बरोबर सासरा आला होता, म्हातारा जोब सोगाटी. गावात इंजिनाची मोठी होडी त्याच्या एकट्याकडे होती.

"दूध ओढत नाही हो सिस्टर," जोसिंटा म्हणाली. "कालपासून नुसती झोपून आहे. रडत पण नाही."

हिल्डानं बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. सावळ्या अंगावर कावीळ सहज दिसत नाही. दवाखान्यात रक्त तपासायची सोय नव्हती. तिनं नेरोलिनला हाक मारली. "फोटो काढ. चेहरा आणि छाती. डॉक्टरांना दाखवू."

नेरोलिननं व्हरांड्यात फोटो काढला, हिल्डानं सांगितलेला मजकूर जोडला आणि साडेनऊला पाठवून दिला. इस्पितळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला होतं, जोबच्या होडीनं शांत पाण्यात तीन तासांवर. अकराला तिथल्या डॉक्टर रिझूंचं उत्तर आलं. फोटोत रंग ठीक वाटतो, असं त्यांनी लिहिलं होतं. समुद्राबद्दल इशारा आहे, अशा लाटांत पाच दिवसांचं मूल होडीत घालण्यात जास्त धोका आहे. दूध पिळून दर दोन तासांनी चमच्यानं पाजा. उद्या सकाळी कळवा.

"बरं झालं," जोब म्हणाला आणि उठला. "काल दोन होड्या अर्ध्यातून परत आल्यात. मी काय समुद्राला भीत नाही, पण उगाच कशाला जायचं?"

 हिल्डा नेरोलिनच्या मागोमाग खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. "मला पटत नाही गं. हात उचलून सोडला तर नुसता पडतो. पण डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलंय, त्यावर मी काय बोलू?"

नेरोलिननं लॅपटॉपवर तो फोटो पुन्हा उघडला. बाळ छान दिसत होतं. गव्हाळ, शांत. तिची नजर बाळाभोवती गुंडाळलेल्या टॉवेलवर गेली.

"हिल्डा, टॉवेलचा रंग कोणता?"

"पिवळा. लिंबासारखा. का?"

"इथे बघ."

फोटोतला टॉवेल दुधावरच्या सायीसारखा दिसत होता.

"रंगाचं सेटिंग मी आपोआपवर ठेवलं होतं," नेरोलिन म्हणाली.  "समोर सगळंच पिवळं आलं की कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो पिवळेपणा काढून टाकतो. टॉवेलचा काढला, तसा पोरीचाही काढला. पुस्तकात लिहिलंय हे. मी वाचलंय, तीनदा वाचलंय."

"मग आता?"

"आधी पांढरा कागद दाखवायचा. पांढरं म्हणजे काय ते त्याला ठरवू द्यायचं नाही, आपण सांगायचं."

तिनं कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यातला एक पांढरा कागद घेतला. व्हरांड्यात बाळाजवळ धरून कॅमेऱ्याला तो नीट दाखवला, बटण दाबून पक्का केला आणि मग फोटो काढला. या वेळी पडद्यावर बाळ पिवळं आलं. जोबनं तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"मघाशी चांगली होती. आता पिवळी. मधे काय झालं? तू बटण फिरवलंस."

"जोबकाका, मघाचं चुकीचं होतं."

"आणि हे बरोबर? उद्या तू मला पण पिवळा करशील त्यातून. पोरी, त्या यंत्रात तुझ्या मनात येईल तसं दिसायला लागलं, तर त्याच्या भरवशावर मी माझी नात लाटांत घालू?"

जोसिंटा भिंतीला टेकून दोघांकडे बघत होती.  म्हातारा हट्टी होता, पण तो म्हणत होता त्यात खोट नव्हती. डॉक्टरसुद्धा हेच विचारतील. एकाच बाळाचे दोन फोटो, दोन रंग. कोणता खरा?

ती पायरीवर बसली. 

"तळपाय," नेरोलिन एकदम उठत म्हणाली. "तळपाय सगळ्यांचे फिके असतात. आणि एक दुसरं बाळ हवं शेजारी. एकाच फोटोत दोघं. मी बटण काहीही फिरवलं तरी दोघांचं सारखंच बदलेल."

चर्चमागच्या घरात लोईसचा मुलगा बारा दिवसांचा होता. नेरोलिन गेली तेव्हा लोईस त्याला पाजत होती. ऐकल्यावर तिनं मुलाला छातीशी घट्ट धरलं. "आजारी पोरीशेजारी माझा मुलगा ठेवू? सासूबाई मला घरात घेतील का?"

"हे चिकटणारं दुखणं नाही. हिल्डाला विचार. मला त्याचे फक्त पाय हवेत."

"आणि त्याला काही झालं तर?"

"काही होणार नाही. न्यायचं तर आता न्यायला हवं, लोईस. अंधारात खडकांतली वाट कुणाला सापडणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी तुला बोल लावणार नाही, पण मला लगेच सांग."

लोईसनं एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. मग मुलाला कापडात गुंडाळून ती मागच्या दारानं बाहेर पडली.

मोठ्या पानांच्या नीरफणसाखाली त्यांनी टेबल आणलं आणि त्यावर दवाखान्याची पांढरी चादर पसरली. दोन्ही आयांनी आपापलं मूल असं धरलं की चार तळपाय एका ओळीत आले. नेरोलिननं फ्लॅश बंद केला. तो लागला असता तर सगळंच भगभगीत झालं असतं. फुलाचं बटण दाबलं. चादर दाखवून पांढरा रंग पक्का केला. कोपरं टेबलावर रोवली आणि श्वास धरला. लोईसचा मुलगा एकसारखा पाय झाडत होता, त्यामुळे दोन फोटो फिसकटले. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जोसिंटाच्या मुलीचे पाय मात्र ठेवले तसेच होते. त्या स्थिर पायांकडे बघवत नव्हतं.

तिसरा फोटो आला.

दोन तळपाय गुलाबी होते. दोन हळदीत बुडवून काढल्यासारखे.

नेरोलिननं कॅमेरा जोबपुढे धरला. त्यानं तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग टेबलावरच्या खऱ्या पायांकडे वाकून पाहिलं.  "डॉक्टर काय म्हणतात ते विचार," तो म्हणाला. "मी तोवर तेल भरतो."

दुपारी साडेबाराला रेडिओ कधीच धड चालत नाही. नुसती खरखर. फोटो सत्तर टक्के गेला आणि तुटला. पुन्हा पहिल्यापासून. चाळीस टक्क्यांवर तुटला. हिल्डा दर पाच मिनिटांनी दारात येई आणि न विचारता परत जाई. तिसऱ्या खेपेला नेरोलिननं फोटोच कापला. झाड, हात, टेबल सगळं काढून टाकलं, चार तळपाय आणि चादरीची एक पट्टी तेवढी ठेवली. खाली लिहिलं, 'मधे चादर, पांढरी. डावीकडे निरोगी बाळ, बारा दिवस. उजवीकडे आपलं. सकाळच्या फोटोत रंग चुकला होता, माझ्या हातून.' एक वाजून चाळीस मिनिटांनी ते गेलं.

उत्तर वीस मिनिटांत आलं. 'ताबडतोब निघा. वाटेत दूध पाजत राहा. मी धक्क्यावर माणूस उभा करतो.'

जोबनं होडीच्या पुढच्या भागात ताडपत्रीची झोपडी बांधून ठेवली होती. जोसिंटा आत शिरली, हिल्डा तिच्या मागे. नेरोलिन गुडघाभर पाण्यात उभी राहून होडीला टेकू देत होती. जोसिंटानं आतून विचारलं, "मावशी, नक्की ना?"

नक्की कुणाला माहीत होतं? "नक्की," नेरोलिन म्हणाली.

खडकांच्या फटीतून बाहेर पडताना होडीचं नाक आभाळाकडे गेलं आणि आपटलं. मग पुन्हा. मग ती लाटांमागे दिसेनाशी झाली.

संध्याकाळी सहाला रेडिओ लावला, तेव्हा इस्पितळाकडून काही आलं नाही. नेरोलिननं रात्री उकडलेलं रताळं सोलून ताटात ठेवलं आणि तसंच झाकलं. आपण पाठवलं म्हणून चार जीव बुडाले, हा विचार तिनं पुरा होऊ दिला नाही, पण तो जातही नव्हता.

सकाळी सात वाजता संदेश आला. होडी सहाच्या जरा नंतर पोचली, सगळे भिजलेले पण धड. रक्तातली कावीळ फार वाढलेली होती. निळ्या दिव्यांखाली ठेवलं, पहाटे रक्तही बदललं. आता आईचं दूध ओढते आहे. शेवटी डॉक्टर रिझूंनी लिहिलं होतं, 'काल सकाळी मीही चुकलो. नुसता फोटो न बघता सिस्टरला आणखी विचारायला हवं होतं.'

नेरोलिननं तो संदेश दोनदा वाचला, मग लोईसच्या घरी जाऊन सासूसमोरच मोठ्यानं वाचून दाखवला. सासू म्हणाली, "मला न सांगता नेलंस ते नेलंसच." पण तिनं बसायला चटई टाकली.

जोब पाच दिवसांनी आला तो सरळ तिच्या दारात येऊन बसला. उन्हानं पाठीची सालं निघाली होती.

"मधल्या पट्ट्यात इंजिन दोनदा बंद पडलं," तो म्हणाला. "तेव्हा तुला मी मनातल्या मनात काय काय बोललो, ते सांगणार नाही."

"मीही स्वतःला तेच बोलत होते, काका."

"मग 'नक्की' कशाला म्हणालीस?"

"नाहीतर ती आत बसली नसती."

जोबनं मान हलवली. होकार होता की नाही, ते तिला कळलं नाही.

मुलगी वाढली. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, त्या मंगळवारच्या उशिरानं झालं असेल, नसेलही. ते अर्धं वाक्य नेरोलिनला कायमचं चिकटलं. कुणी काही म्हणालं नाही, जोसिंटा तर कधीच नाही. पण मुलगी समोरून येताना दिसली की नेरोलिन वाट सोडून तिच्या उजव्या बाजूला येते आणि मगच बोलायला लागते.